सहासष्ट टक्क्यांचा साप

अमेरिकेत भरणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एखाद्या विक्री-प्रदर्शनातील एक टेबल डोळ्यांसमोर आणावे. हवेसाठी भोके पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्या रांगेने मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक डबीत वेटोळे करून बसलेले बॉल पायथनचे एकेक पिल्लू आहे. शेजारशेजारच्या दोन डब्यांतील पिल्ले दिसायला तंतोतंत सारखी : गडद तपकिरी अंग, त्यावर मातकट पिवळे डाग, पोट फिकट. एका डबीवरच्या चिठ्ठीत 'नॉर्मल' एवढाच शब्द आहे. दुसरीवर लिहिले आहे, '६६ टक्के हेट अल्बिनो'. ज्या काळी अल्बिनो दुर्मीळ होता, त्या काळी या दुसऱ्या चिठ्ठीने पिल्लाची किंमत कित्येक पटींनी वाढत असे. आज अल्बिनोची नवलाई ओसरली आहे. पण त्याच्या जागी अधिक नव्या उत्परिवर्तनांची नावे लिहिली, की तोच खेळ तसाच चालतो.

हा खेळ साहित्याच्या अभ्यासकाने पाहावा असे मला वाटते. डोळ्यांना दिसणारी वस्तू दोन्हीकडे एकच आहे. फरक फक्त शब्दांत आहे आणि पैसे त्या शब्दांचे मोजले जात आहेत. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर अभिधेने दोन्ही डब्यांत एकेक अजगराचे पिल्लू आहे. किंमत ठरते ती व्यंजनेवर. चिठ्ठी जे दाखवत नाही पण सुचवते, त्यावर, म्हणजे त्या पिल्लाच्या पोटी पुढे जन्मू शकणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या, लाल डोळ्यांच्या संततीवर. प्रस्तुत लेखात मला या व्यापाराच्या भाव ठरवण्याच्या रीतीकडे थोडे बारकाईने पाहायचे आहे आणि अखेरीस त्या रीतीविषयी माझे मत मांडायचे आहे.

आधी त्या ६६ टक्क्यांचा हिशेब पाहू. अल्बिनो हे अप्रभावी उत्परिवर्तन आहे. ते रंगात दिसण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. एकच बदललेली प्रत असलेला साप दिसायला साधा असतो, पण बदल पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा वाहकाला व्यापारात 'हेट' म्हणतात. विषमयुग्मजी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप आहे. दोन वाहकांच्या मीलनातून सरासरीने चारांत एक पिल्लू अल्बिनो, दोन वाहक आणि एक पूर्णपणे साधे निघते. अल्बिनो ओळखू येतो, तो बाजूला काढला जातो. उरलेल्या तीन साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन वाहक असतात. पण ती कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तिघांच्याही डबीवर 'दोन तृतीयांश शक्यता' म्हणजे ६६ टक्के असे लिहितात. गणित चोख आहे. पण प्रत्यक्षात कोणताही साप ६६ टक्के काहीच नसतो. तो वाहक असतो किंवा नसतो. टक्केवारी सापाविषयी काही सांगत नाही, ती आपल्या अज्ञानाचे माप सांगते. आणि या बाजारात त्या अज्ञानाचीही किंमत लागत असे.

या प्राण्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. बॉल पायथन, म्हणजेच पायथन रेजियस, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बुटका, मवाळ स्वभावाचा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून अमेरिकेत त्याचे नाव 'बॉल'. ब्रिटनमध्ये मात्र त्याला 'रॉयल पायथन' म्हणतात. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याची पिल्ले दशकानुदशके मोठ्या संख्येने निर्यात होत आली आहेत. गाभण माद्या रानातून धरून आणायच्या, त्यांची अंडी उबवायची आणि पिल्ले पाठवायची, ही तिथली रूढ पद्धत. त्याच बेनिनमधील विदा या गावात अजगरांचे एक मंदिर आहे आणि तिथे हाच साप पूज्य मानला जातो. एकाच देशात एकच प्राणी एका ठिकाणी अमोल आणि दुसऱ्या ठिकाणी खोक्यात मोजून भरण्याचा माल असावा, ही विसंगती नागपंचमीच्या देशात वाढलेल्या आपल्याला फारशी अपरिचित नाही.

हजारो साध्या पिल्लांच्या त्या लोंढ्यात क्वचित एखादे वेगळ्या रंगाचे निघे. १९९२ मध्ये बॉब क्लार्क या अमेरिकन पैदासकाराने बंदिवासात अल्बिनो बॉल पायथनची पिल्ले मिळवली आणि हा रंग वंशपरंपरेने चालतो हे सिद्ध केले. व्यापाराच्या दृष्टीने हा खरा आरंभबिंदू. तोवर विचित्र रंगाचा साप ही एक नवलाची वस्तू होती, ती मेली की संपली. आता ती पुन्हापुन्हा निर्माण करता येणारी वस्तू झाली. १९९७ मध्ये पीटर काल याने पाइबॉल्ड, म्हणजे शुभ्र अंगावर रंगीत तुकडे असणारा प्रकार, सिद्ध केला. त्याच सुमारास पेस्टल आला. पुढे स्पायडर, मोहावे, बनाना, क्लाउन अशी नामावळी वाढत गेली. आज एकेका जनुकाच्या आणि त्यांच्या मिश्रणांच्या नावांची संख्या काही हजारांच्या घरात आहे. जो साप एके काळी पाळीव प्राण्यांच्या दुकानातला सर्वांत स्वस्त आणि अन्न नाकारणारा म्हणून बदनाम होता, त्याच्या काही पिल्लांना पाच आकडी डॉलरांत किंमत मिळू लागली.

इथे या व्यापाराचा मूळ पेच सुरू होतो. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा : देशातील सगळी जमीन एकाच मालकाची आहे असे समजा. तो आज चढ्या भावाने थोडी जमीन विकेल. पण उरलेली विकायची, तर उद्या त्याला भाव उतरवावाच लागेल. हे ग्राहकालाही कळते. म्हणून शहाणा ग्राहक आज घेत नाही, थांबतो. आणि ग्राहक थांबतात म्हणून मालकाला आजच भाव उतरवावा लागतो. मक्तेदार असूनही त्याची सत्ता त्याच्याच भविष्यकाळाने पोखरलेली असते. गंमत अशी, की कोसची जमीन निदान वाढत तरी नाही. साप वाढतो. ज्याला विकला, त्याच्या घरी तो अंडी घालतो. नव्या रंगाच्या दहा जोड्या दहा ग्राहकांना विकणे म्हणजे तीन-चार वर्षांनी उघडणाऱ्या दहा प्रतिस्पर्धी दुकानांना आजच भांडवल पुरवणे होय. दुसरा कोणताही दुकानदार आपल्या मालाबरोबर कारखाना विकत नाही. पैदासकाराला तो विकावाच लागतो, कारण ग्राहक पैसे मोजतो ते त्या कारखान्याचेच.

आपल्याकडील शेतकऱ्याला याची उलट बाजू चांगली ठाऊक आहे. संकरित कपाशीचे बियाणे तो दरवर्षी विकत घेतो, कारण घरचे धरलेले बी पुढच्या पिढीत गुण टिकवत नाही. बियाणे कंपनीचे कुलूप निसर्गानेच त्या बियात बसवून दिलेले असते. सापाच्या एकट्या उत्परिवर्तनाला असे कुलूप नाही. अल्बिनो आणि अल्बिनो यांची पिल्ले अल्बिनोच. म्हणून या व्यापारातील सगळ्या डावपेचांकडे मी एकाच दृष्टीने पाहतो : निसर्गाने न दिलेले कुलूप बाहेरून बसवण्याचे ते प्रयत्न आहेत.

हे प्रयत्न नाना प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे नर विकायचे, माद्या राखायच्या. नर वर्षाच्या आतबाहेर कामाला येतो आणि एका हंगामात अनेक माद्यांशी जुळवता येतो. मादीला वयात यायला साधारण तीन वर्षे लागतात आणि ती एका वेळी चार ते सहा अंडी घालते. म्हणजे उत्पादनाची गती माद्यांच्या संख्येने ठरते. ज्याने माद्या हातच्या सोडल्या नाहीत, त्याने काळ विकत घेतला. दुसरा डाव म्हणजे प्राणी न विकता भागीदारीवर देणे : नर माझा, मादी तुझी, पिल्ले वाटून घेऊ. कोसनेही विकण्याऐवजी भाड्याने देणे हा मक्तेदाराचा एक मार्ग सांगितलेला आहे. सापवाल्यांनी तो स्वतःच्या अनुभवातून शोधला. तिसरा डाव म्हणजे भाव जाहीरपणे कधीच न पाडणे. प्रदर्शनाच्या शेवटच्या तासाला, परत नेण्याचा त्रास वाचवण्यासाठी, काही विक्रेते निम्म्या किमतीत डब्या मोकळ्या करतात. मुरलेला पैदासकार हे कटाक्षाने टाळतो, कारण आज सकाळी पूर्ण किमतीत घेतलेल्या ग्राहकाने संध्याकाळची चिठ्ठी पाहिली, तर तो पुढच्या वर्षी सकाळी येणार नाही. मुद्राचित्रकार ठरावीक प्रती काढून झाल्या की मूळ ठशावर रेघ ओढून तो रद्द करतो; त्यामुळे आधीच्या ग्राहकाला भरवसा मिळतो. पैदासकाराला ठसा रद्द करता येत नाही. म्हणून तो निदान भाव न पाडण्याचा शब्द देतो. हा शब्द तो एकटा पाळू शकत नाही, ही त्याची शोकांतिका.

चौथा आणि सर्वांत यशस्वी डाव म्हणजे मिश्रणे. एका रंगाचा भाव पडू लागला, की त्यात दुसरा रंग मिसळायचा, मग तिसरा. इथे संभाव्यताच कुलपाचे काम करते. एका अप्रभावी जनुकाच्या दोन वाहकांपासून चारांत एक पिल्लू हवे तसे निघते. दोन जनुके एकत्र हवी असतील, तर सोळांत एक. तीन हवी असतील, तर चौसष्टांत एक. मादीने पाच अंडी घातली असे धरले, तर दुहेरी वाहकांच्या जोडीपासून अपेक्षित पिल्लू निदान एक तरी निघण्याची शक्यता सुमारे २८ टक्के, आणि तिहेरीत ती ८ टक्क्यांहूनही कमी. त्यात प्रत्येक पिढीला मादीची तीन वर्षे. म्हणजे एखाद्या तिहेरी मिश्रणाचा भाव हा बऱ्याच अंशी वाट पाहण्याचा भाव असतो. ज्या ग्राहकाकडे जुळती जोडी नाही, त्याच्या घरी मिश्रण पुढच्या पिढीत विस्कटते. संकरित बियाण्याचे अर्धेमुर्धे कुलूप इथे हाती लागते. पण अर्धेमुर्धेच. पुरेसे ग्राहक पुरेशी वर्षे थांबले, की तेही उघडते. बनाना या झळझळीत पिवळ्या प्रकाराची पहिली पिल्ले पाच आकडी डॉलरांना गेली होती. आज साधा बनाना शंभर डॉलरांच्या आसपास, कधी त्याहून कमी किमतीत मिळतो. त्याच्या रंगात काही फरक पडलेला नाही.

नावांचा मुद्दा मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. आपण साहित्यवाले नामकरणाकडे अलंकार म्हणून पाहतो. इथे ते भांडवल आहे. पेस्टल आणि स्पायडर यांच्या मिश्रणाला 'बम्बलबी' म्हणजे भुंगा म्हटले गेले, कारण ते काळे-पिवळे दिसते. पेस्टलची दुहेरी मात्रा झाली, की तोच भुंगा 'किलर बी' होतो. 'पेस्टल स्पायडर' हे वर्णन आहे, त्यातून कोणीही घरी ते तयार करण्याची कृती समजून घेऊ शकतो. 'बम्बलबी' ही प्रतिमा आहे. ती कृती झाकते आणि वस्तू एकमेव असल्याचा भास देते. त्याहून बोलके उदाहरण म्हणजे बनाना आणि कोरल ग्लो, किंवा लेसर आणि बटर. वेगवेगळ्या पैदासकारांना आफ्रिकेतून आलेल्या वेगवेगळ्या सापांत हे प्रकार सापडले, प्रत्येकाने आपापले नाव दिले आणि दोन्ही नावांनी वेगवेगळ्या परंपरा चालल्या. पुढे या जोड्यांतील दोन्ही नावे व्यवहारात एकाच प्रकाराची मानली जाऊ लागली. वस्तू एक, नावे दोन, आणि काही काळ भावही दोन. टीकाकार जेव्हा जुन्याच प्रवृत्तीला नवे नाव देऊन तिला संप्रदायाचे रूप देतात, तेव्हा नेमके हेच घडते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. फरक इतकाच, की समीक्षेत नाव खोटे ठरल्याने कुणाचे वेटोळे सुटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. स्पायडर हा प्रकार १९९९ साली आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून सुरू झाला. जाळीसारखी बारीक नक्षी, अतिशय देखणी. हे जनुक प्रभावी असल्याने एकच प्रत पुरते : निम्मी पिल्ले पहिल्याच पिढीत स्पायडर निघतात. म्हणून तो झपाट्याने पसरला आणि असंख्य मिश्रणांचा घटक झाला. पण या सापांचे डोके कमीअधिक प्रमाणात डुगडुगते. काही उलटे वळतात, काहींना भक्ष्यावर नेमका झेप घेण्याचा अंदाज येत नाही. व्यापारात याला 'वॉबल' असे हलके, जवळजवळ लाडिक नाव आहे. २०२२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने स्पायडर सापांच्या अंतर्कर्णाची रचनाच बिघडलेली असल्याचे दाखवले. त्याआधीच, २०१८ मध्ये, ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या विक्री-प्रदर्शनांत स्पायडरला मनाई केली होती.

मग इतर ठिकाणी तो थांबला का नाही? क्रूरतेने नव्हे. माझ्या मते याचे उत्तर भावाच्या रीतीत आहे. ज्याच्या घरी स्पायडरयुक्त मिश्रणांच्या माद्यांची एक अख्खी मांडणी तीन-चार वर्षे खाऊनपिऊन वाढली आहे, त्याने 'हे जनुक सदोष आहे' असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे भांडवल शून्यावर आणणे. तो खोटे बोलत नाही. तो 'सौम्य', 'प्रत्येकात नसतो', 'त्याला त्रास होत नाही' असे शब्द निवडतो. शब्द निवडणारा माणूस वाईट नसतो, त्याच्या शब्दांवर कर्ज असते. डेझर्ट या प्रकाराची गोष्ट याच्या उलट घडली. त्याच्या माद्यांना प्रजननात गंभीर अडचणी येतात, असा अनुभव आला आणि तो प्रकार बाजारातून झपाट्याने मागे पडला. दोष दोन्हीकडे होता. एक दोष सापाला सोसावा लागत होता, दुसरा मालकाच्या गुंतवणुकीला. कोणता दोष बाजाराने लवकर मान्य केला, हे सांगण्याची गरज नाही.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव गगनाला भिडले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळले, ही कथा सर्वांना माहीत असते. पण सर्वांत महाग ट्यूलिप ते होते, ज्यांच्या पाकळ्यांवर ज्वाळांसारख्या रेघा असत, आणि त्या रेघा एका विषाणूमुळे येत, हे १९२८ मध्ये डोरोथी केली या संशोधक स्त्रीने दाखवले. विषाणू कंदाला क्षीण करी, त्यामुळे त्याला उपकंद कमी येत, आणि म्हणूनच ते फूल दुर्मीळ राही. सौंदर्य, दुर्मिळता आणि रोग ही तिन्ही तिथे एकाच कारणाची फळे होती. स्पायडरमध्ये सौंदर्य आणि रोग एकत्र आहेत, फक्त दुर्मिळता उरलेली नाही. हे मला अधिक भयावह वाटते. महाग असताना निदान मोजक्या लोकांच्या घरी असलेले दुःख स्वस्त झाल्यावर घरोघरी पोचले.

पैदासकारांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. ते म्हणतात, चढ्या किमतीमुळेच प्राण्याची निगा राखली जाते. हजार डॉलरांच्या सापाला कोणी थंडीत विसरत नाही. यात तथ्य आहे. ते असेही म्हणतात, की बंदिवासातील पैदाशीमुळे रानातील सापांवरचा ताण कमी होतो. हे अंशतःच खरे. रंगीत सापांचा ग्राहक रानातून आलेला साधा साप घेत नाही, हे बरोबर. पण पश्चिम आफ्रिकेतील निर्यात त्यामुळे थांबलेली नाही. उलट पुढचा नवा रंग त्या खोक्यांतच सापडेल, या आशेने तिच्याकडे पाहणारे डोळे वाढले. तिसरा युक्तिवाद ज्ञानाचा आहे आणि तो मला मान्य आहे. पाइबॉल्डला कारणीभूत असणारे जनुक २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ओळखले गेले. रंगांच्या जनुकांवरील अशा कामात पैदासकारांनी दिलेल्या नमुन्यांचा मोठा वाटा आहे. सापाने टाकलेली कात पाठवायची, की झाले. त्यातूनच आता काही जनुकांसाठी कातेवरून वाहक ओळखण्याची चाचणी उपलब्ध झाली आहे. म्हणजे ज्या ६६ टक्क्यांपासून आपण सुरुवात केली, ते अज्ञान निदान काही प्रकारांत आता भाग नाही, निवड आहे.

हा विषय कुणाला फार दूरचा वाटेल. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांना सापडले. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्रजाती स्वतंत्र अनुसूचीत आल्या आणि त्यांची नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन त्यांतलाच. फ्लोरिडातल्या टेबलावर जेव्हा भाव पडतो, तेव्हा तो साप जगात नाहीसा होत नाही. जिथे अजून त्याची नवलाई शिल्लक आहे, तिथे तो जातो. स्वस्त झालेल्या दुर्मिळतेला नवे गिऱ्हाईक लागते, आणि ते आपल्या दारापर्यंत येऊन पोचले आहे.

तेव्हा या व्यापाराने भाव कसा ठरवावा? मी व्यापारी नाही. पण शब्दांचा हिशेब ठेवणे हे माझे काम असल्याने तेवढ्यापुरते बोलतो. पहिली गोष्ट, जिथे चाचणी शक्य आहे, तिथे टक्केवारी विकू नये. कात तपासावी, वाहक असेल तर वाहक म्हणावे, नसेल तर साधा. चाचणीचा खर्च विक्रेत्याने सोसावा, कारण अज्ञानाचा नफा आजवर त्यानेच घेतला. दुसरी, 'गुंतवणूक' हा शब्द चिठ्ठीवर आणि जिभेवर येऊ देऊ नये. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत घरी बसलेल्या लोकांनी याच शब्दावर विश्वासून चढ्या भावाने साप घेतले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत भाव उतरले. भाव पडणारच आहे, हे ज्याला कोसचे नावही माहीत नाही त्या पैदासकारालाही ठाऊक असते. ग्राहकाला ते सांगणे हा साधा सचोटीचा भाग आहे. तिसरी, किमतीचा तळ दुर्मिळतेवर नव्हे, संगोपनावर बांधावा. अंडी उबवण्यापासून पिल्लू नियमित खाऊ लागेपर्यंत जो खर्च येतो, त्याखाली विकू नये. आणि त्या किमतीला गिऱ्हाईक नसेल, तर पुढच्या हंगामात ती जोडी लावू नये. चौथी, जनुकाचा दोष नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावा. दोष लिहिल्यावर साप विकला जात नसेल, तर तो दोष न लिहिण्याचे कारण होत नाही, ती जोडी न लावण्याचे कारण होते.

यावर आक्षेप येईल, की असे वागणारा पैदासकार बुडेल, कारण शेजारी तसे वागणार नाही. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. छोट्या, प्रामाणिक माणसालाच अशा नियमांचा भार आधी जाणवतो. पण या व्यापाराचे स्वतःचे गणितच त्याच्या बाजूचे आहे. रंगाचा मक्ता टिकत नाही, हे तीस वर्षांत पुनःपुन्हा सिद्ध झाले. नाव टिकत नाही, मिश्रण टिकत नाही, भाव न पाडण्याचा शब्द टिकत नाही. ज्याची नक्कल ग्राहकाच्या घरी अंड्यातून बाहेर पडत नाही, अशी एकच गोष्ट पैदासकाराकडे उरते आणि ती म्हणजे चिठ्ठीवरचा मजकूर खरा असल्याची त्याची ख्याती. ज्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येतो, त्याच्याकडे लोक साधा सापही दोन पैसे जास्त देऊन घेतात. हे मी नीतीचा उपदेश म्हणून सांगत नाही. शेवटी हीच विक्रीची एकमेव टिकाऊ नीती ठरते.

अमेरिकेतील सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एक मादी बॉल पायथन आली. २०२० च्या जुलैमध्ये, सुमारे ६२ वर्षांची असताना आणि कित्येक वर्षे नराचा सहवास नसताना, तिने सात अंडी घातली आणि ती बातमी जगभर गेली. सगळेच बॉल पायथन इतके जगत नाहीत. पण नीट सांभाळलेला साप वीस-तीस वर्षे सहज काढतो. आता त्या पहिल्या टेबलाकडे पुन्हा पाहावे. चिठ्ठीवरील शब्दाचे आयुष्य फार तर चार-पाच वर्षांचे. त्यानंतर तो रंग स्वस्त होणार, ते नाव जुने होणार. डबीतले पिल्लू मात्र त्यानंतरही पंचवीस वर्षे कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी जबाबदारीवर जगणार आहे. भाव ठरवताना त्या पंचवीस वर्षांना जो शून्य किंमत देतो, त्याची चिठ्ठी, तिच्यातला प्रत्येक शब्द खरा असला, तरी अपुरी आहे.